पाचव्या महिन्याची सोनोग्राफी टाळू नका

एक मेसेज गरोदर मुलींच्या आणि त्यांच्या सासवांच्या फोनवर फिरतोय. सोनोग्राफीच्या किरणांनी बाळाच्या मेंदूला इजा होते, तिसऱ्या महिन्यात सगळं नॉर्मल आलं की पाचव्या महिन्याचा ॲनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांतले दोष शोधणारी सोनोग्राफी) म्हणजे लूट, आणि दोष निघाला तरी डॉक्टर 'पाडून टाका' एवढंच सांगणार. मी रोज हेच स्कॅन करते. हा मेसेज वाचून सातव्या महिन्यात आलेली एक मुलगी डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून लिहितेय.

आधी किरण. सोनोग्राफीत ते नसतातच. जेल लावून पोटावर फिरवतो तो प्रोब कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीतून चित्र उमटतं. भीती आली ती एक्स-रेवरून, आणि तिथे ती रास्तच होती. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत कॅन्सर जास्त दिसतो, हे इंग्लंडमध्ये डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली दाखवलं. एमआरआयमध्येही क्ष-किरण नाहीत, चुंबक आहे.

तिसऱ्या महिन्याचा मुद्दा सगळ्यात घातक. कवटीच नसण्यासारखा मोठा दोष तेव्हा दिसतो, खरं आहे. पण मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, तेव्हा पुरता बनलेलाही नसतो. जे बनायचंच आहे ते नॉर्मल कसं म्हणायचं? १८ ते २० आठवड्यांत मी स्क्रीनवर डोक्याचा आडवा छेद पकडते आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या एका भिंतीवर एक फुली ठेवते, समोरच्या भिंतीवर दुसरी. मधलं अंतर १० मि.मी.च्या आत हवं. मग मागे सरकून लहान मेंदू बघते. पाठीच्या कण्यात फट असेल, म्हणजे स्पायना बिफिडा, तर तो बहुधा केळ्यासारखा वाकलेला असतो आणि कवटी पुढून लिंबासारखी चिमटलेली. पाठ बघायच्या आधीच डोकं ही बातमी देतं.

आणि 'पाडून टाका'? पोकळी १० ते १२ मि.मी. असेल आणि दुसरं काही सापडलं नाही, तर बहुतेक मुलं चांगली वाढतात. शंका उरली तर एमआरआय करतात. ब्रिटनमधल्या २०१७च्या मेरिडियन अभ्यासात मेंदूच्या दोषांचं निदान सोनोग्राफीने ६८ टक्के अचूक ठरलं, एमआरआयने ९३ टक्के. स्पायना बिफिडाचं ऑपरेशन काही ठिकाणी गर्भातच होतं, पण साधारण २६ आठवड्यांच्या आत. ती मुलगी आली तेव्हा २८ आठवडे झाले होते. पोकळी १७ मि.मी., पाठीत फट. गर्भातल्या ऑपरेशनची वेळ निघून गेली होती, आणि गर्भपाताचा विचार करायचा तर कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळासमोर जावं लागतं. कोणती वाट धरायची हे तिचं तिने ठरवायचं होतं; त्या मेसेजने तिच्या वाटाच कमी केल्या.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्टही सांगते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे सगळी हमी मिळाली असं नाही. ऑटिझम स्कॅनमध्ये दिसत नाही. मेंदूच्या घड्या पाचव्या महिन्यात जेमतेम सुरू झालेल्या असतात, त्यामुळे त्यांचे दोष नंतरच कळतात.

शेवटच्या पाळीच्या तारखेपासून १८ आठवडे भरले की नंबर लावा, आणि २० उलटू देऊ नका. परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात विचारा.