लिओ पिंटो ‘नुसते उभे’ नव्हते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत 25 गोल केले, खाल्ले फक्त 2, फायनलमध्ये ब्रिटनला 4-0 हरवलं, मग आपल्या मुंबईच्या लिओ पिंटोंचं एवढं कौतुक कशाला, गोलकीपर तर नुसता उभा असणार. मला हे अजिबात पटत नाही.

आधी आकडेच नीट बघू. 25 पैकी 17 गोल ऑस्ट्रिया (8-0) आणि अर्जेंटिना (9-1) या दोनच सामन्यांतले. स्पेनला आपण 2-0 हरवलं, सेमीफायनलला हॉलंडला 2-1. तिथे आणखी एक चेंडू आत गेला असता तर बरोबरी होती.

आता 12 ऑगस्टचं वेम्ब्ली, म्हणजे फायनल. पावसाने मैदान जड झालेलं. चिखलात गोलकीपरची दोन्हीकडून पंचाईत. किक मारताना टेकूचा पाय घसरतो, आणि किक नीट बसली तरी चेंडू चार पावलांवर रुततो. समोरच्या फॉरवर्डला आयताच दुसरा फटका. म्हणून चेंडू समोर ढकलायचा नाही, बाजूला काढायचा. आजचे फोमचे किकर (कीपरच्या पावलांवरची जाड संरक्षक आवरणं) चेंडू लांब उडवतात. तेव्हा क्रिकेटसारखे पॅड, डोक्याला हेल्मेट नाही. चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, चामड्याचा, पाणी प्यायला की आणखी जड.

आणि जागा घेणं हे तर खरं काम. गोल 3.66 मीटर रुंद. समोर 12 मीटरवरून फटका येणार असेल आणि कीपर रेषेवरच थांबला, तर सगळी रुंदी त्याच्या माथी. तो 3 मीटर पुढे आला की झाकायची रुंदी साधारण 2.75 मीटर उरते. पण उशिरा निघाला तर अर्ध्या पावलात सापडतो. फार लवकर निघाला तर बाजूला पास नाहीतर डोक्यावरून स्कूप, म्हणजे स्टिकने उचलून टाकलेला चेंडू. ताशी 100 किलोमीटरचा फटका धरा, चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत गोलवर येतो. स्कोअरशीटवर यातलं काहीच उतरत नाही. तिथे बलबीर सिंग 2, त्रिलोचन सिंग 1, पॅट जॅन्सन 1 एवढंच. त्यांचा मान त्यांना आहेच, पण समोरच्या खात्यातलं शून्य पिंटो आणि बचावफळीचं.

‘एवढे मोठे होते तर एकच ऑलिंपिक का?’ हा प्रश्न मात्र मला लागला. पिंटोंचा जन्म 1914 चा. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक महायुद्धात बुडाली, म्हणजे उमेदीची वर्षं तशीच गेली. लंडनला ते 34 वर्षांचे होते. त्याच संघातले दुसरे गोलकीपर रंगनाथन फ्रान्सिस पुढे 1952 आणि 1956 लाही सुवर्ण जिंकले. ती त्यांची थोरवी, पण त्याने पिंटोंचं काम उणं होत नाही.

चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर पुढचा सामना बघाल तेव्हा गोलच्या मागच्या बाजूला बसा. चेंडू सोडा, कीपरच्या पायांवर नजर ठेवा: फॉरवर्डची स्टिक मागे जायच्या आधी तो पुढे सरकून स्थिर उभा राहिलाय का, तेवढंच बघा.