गनीम असावा तर असा

तुम्ही अंतराळयुद्धाचा गेम काढताय असं कळलं. उत्तम. जहाजं झकास काढा, तेजोमेघ जांभळा काढा, स्फोट असे करा की ग्राफिक्स कार्डाचा पंखा खालच्या मजल्यावर ऐकू जाईल. शत्रूचं डोकं, म्हणजे त्याच्या चाली ठरवणारा प्रोग्राम, मात्र सगळ्यात शेवटी, रिलीजच्या आदल्या आठवड्यात, जो कोणी रिकामा बसलेला दिसेल त्याच्याकडून लिहून घ्या. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्यातला बहुतेक वेळ चकाकीवर खर्च करा. उरेल त्यात शत्रूचा सेनापती जेवढा विचार करेल तेवढा पुष्कळ झाला.

हे सल्ले हवेतून येत नाहीयेत. परवाच एका गेमचं भलंमोठं अपडेट उतरवलं. ‘शत्रू आता अधिक हुशारीने लढेल’ असं त्यात ठसठशीत लिहिलं होतं. आमच्या इंदूरच्या रामबागेत पावसाचे चार थेंब पडले की वीज जाते, त्यामुळे ते उतरवण्यातच अर्धी रात्र गेली. उरलेल्या अर्ध्या रात्री ती हुशारी पाहिली. तीच आता तुमच्या हवाली करतो.

शत्रूचं आरमार कधीही एकदम पाठवू नका. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९१६ सालीच याचं गणित मांडून ठेवलंय. सगळे सगळ्यांवर गोळीबार करू शकत असतील, तर ताकद जहाजांच्या संख्येच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. माझी दहा जहाजं आणि तुमची तशीच दहा समोरासमोर आली, तर दोन्हीकडचा खेळ खलास. तुमची पाच-पाच करून आली तर माझी सात उरतात. एकेक करून आली तर नऊच्या वर. म्हणून एकेकच पाठवा. मागचं जहाज पुढच्याचे तुकडे ओलांडून यावं आणि त्याला कशाचंही नवल वाटू नये.

अंतराळाला वर-खाली असतं, हे शत्रूच्या कानावर जाऊ देऊ नका. १९९९ साली ‘होमवर्ल्ड’ या गेमने तिन्ही दिशांना आरमार हलवून दाखवलं होतं, पण तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?

लघुग्रह दिसला की शत्रूच्या जहाजाने त्यात नाक खुपसून इंजिन घरघरवत राहावं. (अंतराळात घरघर ऐकू येत नाही. तुमच्या गेममध्ये येते.)

डिफिकल्टी वाढवायची तर अक्कल वाढवू नका, पैसे वाढवा. ‘सोपं’मध्ये शत्रू जितका बावळट, ‘अतिकठीण’मध्येही तितकाच बावळट, फक्त त्याच्या खाणीतून दुप्पट धातू निघतो. शिवाय मला नकाशा झाकणाऱ्या धुक्यापलीकडचं काही दिसत नाही आणि त्याला माझ्या गोदीतलं अर्धवट जहाजसुद्धा दिसतं. एवढं दिसूनही तो पहिला हल्ला कुठे करतो? माझ्या सर्वांत मजबूत तळावर.

सगळे ग्रह गेले, राजधानी पेटली, तरी शत्रूने चौथाई मागितलीच पाहिजे.

शेवटचं टेहळणी जहाज नकाशाच्या कोपऱ्यात दडवायला विसरू नका, म्हणजे जिंकूनही ते शोधत बसावं लागेल.

आता माघार. हा तुमच्या कलेचा कळस, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नियम एकच ठेवा: शील्ड, म्हणजे जहाजाचं संरक्षक कवच, तीस टक्क्यांखाली गेलं की पळायचं, तिसाच्या वर आलं की लढायचं. मध्ये काही ठेवू नका. मग परवा जे झालं ते होतं. शत्रूची फ्लॅगशिप, सेनापतीचं जहाज, म्हणजे अख्ख्या कॅम्पेनभर जिच्या नावाने मला धमक्यांचे संदेश येत होते ती, शील्ड एकोणतीसवर गेल्याबरोबर वळली. वळता वळता शील्ड एकतीस झालं, पुन्हा माझ्याकडे वळली. तोवर मी आणखी एक गोळा घातला, पुन्हा एकोणतीस, पुन्हा पाठ. ना धड पळाली, ना एक गोळा झाडला. माझ्या तोफांपुढे गोल गोल फिरत मेली. घरातल्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटलासुद्धा कळतं हो, की बंद व्हायचं तापमान एक असावं आणि चालू व्हायचं दुसरं! नाहीतर कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद होत बसेल. तिसाला पळ, ऐंशीला परत ये. दोन आकडे. एवढंच लागतं.

आणि मी माघार घेतली तर? तर शत्रू चार पावलं माझ्या मागे येतो, कुठलीशी न दिसणारी रेघ लागते आणि मुकाट्याने आपल्या जागेवर परत जातो. पुन्हा जा, पुन्हा दोन गोळे घाला, पुन्हा रेघेपर्यंत सोबत. अहो, हे तुम्ही इंदूरकराला दाखवताय? १८०४च्या पावसाळ्यात इंग्रजांचा कर्नल मॉन्सन माळव्यात घुसला, यशवंतराव होळकर अंगावर येताहेत म्हटल्यावर मुकुंदऱ्याच्या खिंडीकडे मागे फिरला. पुढे चिखल, फुगलेल्या नद्या आणि होळकरांचे स्वार यांनी आग्र्यापर्यंत त्याचा असा पिच्छा पुरवला की तोफा वाटेत टाकून जावं लागलं. यशवंतरावांना कुठे दिसली होती का तुमची ती रेघ?

तक्रार केली की उत्तर ठरलेलं. ऑनलाइन खेळा, समोर माणूस मिळेल. का म्हणून? सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन रात्री घरी आलं की कसाबसा तासभर हाताशी असतो. तो कुठल्यातरी अनोळखी पोराच्या शिव्या ऐकण्यात घालवू? दुसरं उत्तर याहून थोर. म्हणे हुशार शत्रू लोकांना आवडत नाही, हरलं की लोक गेम सोडतात. कोणी मागितलाय तुमच्याकडे अजिंक्य शत्रू? १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळात कास्पारोवला हरवलं, २०१९ साली अल्फास्टार हा प्रोग्राम ‘स्टारक्राफ्ट टू’ या युद्धाच्या गेममध्ये ग्रँडमास्टर झाला. त्यामागे केवढी यंत्रं राबली हे आम्हालाही ठाऊक आहे. तेवढं नकोच आहे. आपली जहाजं एकत्र आणणारा, दगड चुकवणारा आणि पळायचं ठरलं तर पळणारा शत्रू हवाय. हे कॉलेजचं पोर एका सुट्टीत लिहून देईल.

तुम्ही लिहीत नाही, कारण ट्रेलरमध्ये ते दिसत नाही. स्फोट दिसतो, तेजोमेघ दिसतो. शत्रू ढ आहे हे कळेपर्यंत आमचे पैसे तुमच्याकडे आलेले असतात आणि परत मागायची मुदत उलटलेली असते. हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. म्हणूनच ‘अधिक हुशारीने लढेल’ असं बिनदिक्कत लिहिता, आणि त्याच अपडेटमध्ये शत्रूच्या जहाजांसाठी सोनेरी रंग वेगळ्या किमतीला विकायला ठेवता. लाज वाटू द्या थोडी. ते दोन आकडे आधी बसवा, मग रंगाचे पैसे मागा.