नानांचा डावा गाल

आमच्या अमळनेरच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, आबांचं म्हणजे माझ्या आजोबांचं हाताने काढलेलं एक चित्र आहे. कोणी काढलं ते आता कोणालाच ठाऊक नाही, पण काढणाऱ्याचा हात लोकमान्य टिळकांवर बसलेला असणार. त्याने पगडीऐवजी टोपी घातली, मिशा तशाच ठेवल्या आणि खाली आमचं आडनाव लिहून पैसे घेतले. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरताना ती तसबीर उतरते, ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि नाना, म्हणजे माझे वडील, दर वर्षी सांगतात की आबा असे दिसतच नव्हते.

"मग कसे दिसायचे?"

"आबासारखे."

यंदा आखाजीला ताई माहेरी आली होती. अंगणातल्या झोक्यावर बसून तिने फर्मान काढलं की नाना आता पंचाहत्तर वर्षांचे होतात, तर त्यांचं चांगलं पेन्सिलचं चित्र काढून घ्यायचं, अगदी गुपचूप. नानांचा वाढदिवस 1 जून. खरा कोणता ते आजीलाही सांगता यायचं नाही, "कापूस वेचणीचे दिवस होते" एवढंच. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गासारखा यांनाही 1 जून चिकटवला. नाना एस.टी.त कंडक्टर झाले ते त्याच तारखेवर आणि 31 मेला घरी बसले तेही त्याच तारखेमुळे. म्हणजे आमच्या हातात पुरता महिनाही नव्हता.

पैलाडला एक ड्रॉइंगचे मास्तर राहतात. शाळेतून निवृत्त झालेले. फ्लेक्स येण्याआधी गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. बोरीच्या पुलावरून गाडी काढून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दर सांगितला तो असा: "एथ्री कागद, एक चेहरा, अडीच हजार. टोपी असेल तर दोनशे कमी. केस दाट असतील तर तीनशे जास्त. एकेक केस ओढावा लागतो, भाऊ."

नानांना टोपी नाही आणि केस म्हणाल तर कानांच्या वर दोन्हीकडे थोडी सीमारेषा आखल्यासारखे. अडीच हजारांवर सौदा झाला. मी हजार रुपये आगाऊ दिले.

"फोटो?" मास्तर म्हणाले.

इथून आमचे हाल सुरू झाले. पंचाहत्तर वर्षं हा माणूस घरात वावरतो आहे, पण त्याचा एक धड फोटो आमच्याकडे नाही. लग्नांच्या अल्बमात नाना आहेत, पण कुठे फेट्याखाली, कुठे वरणबट्टीच्या पंगतीत तोंडात घास असताना, कुठे मामांच्या खांद्यामागे फक्त कपाळ. कंडक्टर असल्यामुळे त्यांना मागे उभं राहायची सवय. आधार कार्डावरचा फोटो सरळ समोरून आहे, पण त्यात ते आधार मागायला आल्यासारखे दिसतात. सगळ्यात स्पष्ट फोटो निघाला तो थोरल्या काकांच्या दहाव्याचा, आणि तो चेहरा वाढदिवसाला कसा द्यायचा?

शेवटी आधार, दहावं आणि भाच्याने काढलेले दोन सेल्फी, असं सगळं मास्तरांपुढे ठेवलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ नुसतं बघत राहिले.

"तीळ कोणत्या गालावर आहे?"

आधार कार्डावर डाव्या. सेल्फीत उजव्या. समोरच्या कॅमेऱ्याने काही फोन आरशासारखा उलटा फोटो ठेवतात हे मला ठाऊक होतं, पण नानांच्या गालावर तीळ आहे हेच मला त्या दिवशी कळलं. ताईला फोन लावला. ती म्हणाली, उजव्या, नक्की. बायको म्हणाली, तीळ नाहीच, तो चामखीळ आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "लग्न झालं तेव्हा नव्हता."

दुपारी नाना बाजेवर झोपले होते, डावा गाल उशीत. उजवा गाल मोकळा होता, त्यावर काही नव्हतं, पण दाढी दोन दिवसांची होती म्हणून खात्री होईना. मी मोबाईलचा टॉर्च लावून वाकलो. बायको पाठीमागून "थोडं खाली, थोडं खाली" करत होती. नानांनी एक डोळा उघडला.

"काय शोधी ऱ्हायनात? लाईट गई का?"

आम्ही डास म्हणालो. त्यांनी कूस बदलली आणि डाव्या डोळ्याखाली बोटभर अंतरावर तीळ दिसला. मी आनंदाने मास्तरांना फोन केला, डाव्या!

"कोणाच्या डाव्या? त्यांच्या की बघणाऱ्याच्या?"

मला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. उभा राहून स्वतःचे हात हलवून बघावे लागले.

पंधरा दिवसांनी गेलो तर कागदभर फिकट चौकोन आखलेले होते. तसेच चौकोन फोटोच्या झेरॉक्सवरही. एकेका घरातलं तेवढंच बघून इकडे उतरवायचं म्हणे, चेहरा म्हणून बघायचंच नाही. या पांढऱ्या शेतात एकच पीक उभं होतं. कान. डावा. त्यांचाच डावा. पण काय कान होता! पाळीवरची घडी, आतला काळोख, लव. आणि वरची कड जराशी बाहेर वाकलेली.

"हा असा वाकडा का?" मास्तरांनी विचारलं. "फोटोत आहे, पण कारण कळत नाही. कारण कळल्याशिवाय हात चालत नाही."

मलाही माहीत नव्हतं. पुलावरून परत येताना लक्षात आलं. तीसेक वर्षं त्या कानावर पेन खोचलेलं होतं.

तारीख जवळ येत होती. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मास्तर पेन्सिलींना टोक करत होते. एच म्हणजे टणक, बी म्हणजे मऊ आणि काळी, टूबी कातडीला, सिक्सबी मिशीला, हे मला आता पाठ झालं होतं. डोळे, नाक, ओठ यांचा पत्ता नव्हता.

"मास्तर, आठच दिवस राहिले."

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "मेजर गिल माहीत आहे का? 1844 साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवायला धाडलं. वर्षानुवर्षं बसला लेण्यात. लंडनला पाठवलेली बहुतेक चित्रं 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. साहेब 1879 साली इकडेच गेला. भुसावळला कबर आहे."

यातून मी दोन गोष्टी समजलो. एक, घाई करू नये. दोन, चित्र लंडनला पाठवू नये.

"निदान घरी येऊन एकदा लांबून नानांना बघून तरी जा," मी गयावया केली.

"चाळीसगावचे केकी मूस," मास्तर कानाच्या पाळीला हात लावत म्हणाले, "वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत. कलावंत चेहऱ्याकडे जात नसतो. चेहरा त्याच्याकडे येतो."

मी हात टेकले. घरी आलो तर दुपारचे तीन, पारा चव्वेचाळीसवर, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि नाना डोक्याला उपरणं गुंडाळून सायकल काढत होते.

"एवढ्या उन्हात कुठे?"

"वाचनालयात."

गेला आठवडाभर त्यांना वाचनाचं वेड लागलं होतं. मला चित्राची काळजी, मी लक्ष दिलं नाही.

1 जूनला मास्तर चक्क वेळेवर आले. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बैठकीत ती उघडून कोचावर टेकवली आणि तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. काळ्या चौकटीत काळेपांढरे नाना. काकूंनी उंबऱ्यातच पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, "केव्हा हो?" तितक्यात आतून नाना नवा सदरा घालून बाहेर आले. काकूंना पाणी द्यावं लागलं.

चित्र मात्र बघत राहावं असं होतं. तीळ जागच्या जागी. कानावर पेन, आणि ते तर आमच्या एकाही फोटोत नव्हतं. डोळे असे, की आता विचारतील, "सुट्टे शेत का?" आणि कपाळाच्या वर, भांग पाडून, केस. भरपूर केस.

"हाऊ कोन शे रे भो?" नानांनी आश्चर्याने हात वर केले. जरा जास्तच वर.

बायकोने चहाचा ट्रे आणला. मान न वळवता नाना म्हणाले, "मास्तरले बिनसाखरना दे."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मास्तरांकडे. मास्तर छताकडे. मी खिशातून उरलेले पंधराशे काढले, आणि मग दर आठवला म्हणून आणखी तीन नोटा मोजायला लागलो.

"तेवढेच द्या," मास्तर म्हणाले. "केसांचे तीनशे नानांनी आधीच दिलेत."