उंटावरून अडथळ्यांची शर्यत

खेळाडू व्हायचं तर घाम गाळावा लागतो, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. तुम्ही तज्ज्ञ व्हा. त्यातही महिला ॲथलेटिक्सचे तज्ज्ञ झालात तर फारच सोयीचं. या शाखेत अभ्यास लागत नाही, मत लागतं. सरावासाठी नेदरलँड्सची धावपटू फॅनी ब्लँकर्स-कोएन घ्या. तिच्यावर एकदा हात बसला की जगातली कोणतीही धावपटू तुमच्या मतातून सुटायची नाही.

सुरुवात वयापासून करा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी फॅनी ३० वर्षांची होती, पदरी दोन मुलं. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांनी आधीच सांगून टाकलं होतं की हिचं आता वय झालं. किती सुटसुटीत! फक्त एक पथ्य पाळा : ते वय गेलं कुठे, हे विचारायचं नाही. १९३६ साली बर्लिनला ती १८ वर्षांची होती. उंच उडीत संयुक्त सहावी आली आणि अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्सची सही घेऊन घरी परतली. पुढची १९४० आणि १९४४ची ऑलिंपिकं महायुद्धात बुडाली. ऐन उमेदीची वर्षं युद्धाने खाल्ली आणि हिशेब बाईकडे मागितला, असं कुणी म्हणालं तर तिकडे काणाडोळा करा.

युद्धकाळात ती घरी बसली असती तर आपलं काम सोपं झालं असतं. पण जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, मूल झाल्यावरही तिचा सराव चालूच. १९४३मध्ये उंच उडीचा जागतिक विक्रम तिने एकदम ५ सेंटिमीटरने वर नेला, १.७१ मीटरवर. त्याच वर्षी लांब उडीत ६.२५ मीटर, हा विक्रम १९५४पर्यंत कुणाला मोडता आला नाही. १०० मीटरच्या जागतिक विक्रमाशीही तिने बरोबरी केली, पण ती अधिकृत धरली गेली नाही, कारण त्या शर्यतीत पुरुष धावत होते. हे वहीत उतरवून ठेवा. बाई बायकांमध्ये जिंकली तर ‘स्पर्धाच कुठे होती?’ म्हणायचं, पुरुषांबरोबर धावली तर नियम दाखवायचा.

तिचा प्रशिक्षक म्हणजे तिचा नवराच, यान ब्लँकर्स. हा स्वतः तिहेरी उडी मारणारा, १९२८च्या ऑलिंपिकला जाऊन आलेला, आणि मुळात बायकांनी स्पर्धेत उतरूच नये अशा मताचा. पुढे मत बदललं त्याने. आपल्यातला एक चांगला माणूस वाया गेला.

आता लंडन. इथे तुमची खरी परीक्षा आहे, कारण बाई जिंकत सुटली. नियमाप्रमाणे तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरता येत होतं, म्हणून तिने दोन्ही उड्या सोडल्या. तिथे लांब उडीचं सुवर्ण तिच्या विक्रमापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त कमी उडीला मिळालं. या वाक्याची वाच्यता नको. तुम्ही ८० मीटर अडथळ्यांबद्दल बोला. तिथे तिची सुरुवात चुकली, एका अडथळ्याला धक्का लागला, आणि ब्रिटनच्या १९ वर्षांच्या मॉरीन गार्डनरबरोबर ती जवळजवळ एकाच क्षणी रेषेवर पोचली. तेवढ्यात बँडवर ब्रिटनचं राष्ट्रगीत सुरू झालं. फॅनीला वाटलं, संपलं, गार्डनर जिंकली. प्रत्यक्षात राजघराण्यातली मंडळी मैदानात आली होती. दोघींची वेळ सारखीच, ११.२ सेकंद, सुवर्ण फॅनीला.

त्यानंतर २०० मीटरच्या उपांत्य फेरीआधी तिला रडू कोसळलं, घरी जायचं म्हणाली. हे रडू सोडू नका, सोन्यासारखी संधी आहे : ‘बायकांना दडपण पेलत नाही.’ अंतिम फेरी तिने ०.७ सेकंदांनी जिंकली. एवढा फरक म्हणजे मागचीला हाक मारून बोलवावं लागावं. पण तो आकडा गिळून टाका. रिलेच्या दिवशी तर तिने स्वतःच कोलीत हातात दिलं : रेनकोट घ्यायला बाजारात गेली आणि मैदानावर जेमतेम वेळेत पोचली. बायका आणि खरेदी! यावर तुम्ही निदान अर्धा तास बोलू शकाल. शेवटच्या टप्प्यात ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा पुढे असताना तिने बॅटन घेऊन दोघींना मागे टाकलं, ते त्या अर्ध्या तासात बसत नाही.

महिलांचे एकूण नऊ प्रकार, त्यातली चार सुवर्णं एकटीच्या गळ्यात. आता नाकारता येत नाही म्हटल्यावर गौरव करा, पण बेताने. वृत्तपत्रांनी तिला ‘उडती गृहिणी’ केलं, तसा. पुरुष जिंकला की त्याच्या घरी भांडी कोण घासतं हे बातमीत येत नाही. बाईच्या बाबतीत मात्र वाचकाला ही काळजी असतेच. तिला पत्रंही भरपूर आली होती : मुलं सांभाळत घरी बस, आखूड चड्डी घालून धावू नकोस. पत्रलेखकांची तळमळ पाहा, स्वतःच्या खर्चाने तिकीट लावून!

ॲमस्टरडॅमने तिला घोडागाडीतून मिरवलं आणि शहरातर्फे सायकल भेट दिली. जगातल्या सर्वांत वेगवान बाईला सायकल. यावर मी काही बोलत नाही, तज्ज्ञ तुम्ही आहात.

१९५० साली ब्रसेल्सच्या युरोपीय स्पर्धेत तिने पुन्हा तीन वैयक्तिक सुवर्णं घेतली. ते साल गाळा आणि थेट १९५२च्या हेलसिंकीवर या. वय ३४, तब्येत बिघडलेली, अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धडकली आणि अर्ध्यातच थांबली. ‘मी म्हणालोच होतो’ यासाठी ही उत्तम जागा आहे. चार वर्षं उशीर झाला खरा, पण भाकीत हे शिळं झाल्यावरच नीट मुरतं.

१९९९मध्ये मोनाकोत आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने तिला शतकातली सर्वोत्तम महिला ॲथलीट ठरवलं. नाव पुकारलं तेव्हा ती चकित झाली. जिंकलेली आपणच, हे तिला आधी खरंच वाटेना. इतक्या वर्षांच्या तुमच्या मेहनतीला एवढं फळ यायलाच हवं होतं.