खुलासा : माळ्यावरची बाटली म्हातारी होत नाही

सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : १२ वर्षांची सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात माल्टेड बार्लीपासून केलेली व्हिस्की) ६ वर्षं घरी ठेवली की ती १८ वर्षांची होते. नाही होत, भाऊ. लेबलावरचं वय म्हणजे ओकच्या पिंपात काढलेला काळ, आणि तोही आतल्या सगळ्यांत तरुण व्हिस्कीचा. स्कॉचला, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीला, पिंपात किमान ३ वर्षं काढावीच लागतात. व्हॅनिलाचा गोडवा, मनुकांचा वास, यातलं बरंचसं त्या लाकडाचं देणं. काचेत भरली की वय थांबलं.

उलट आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात ती बिघडतेच! धरमपेठेतल्या एका मित्रानं अशीच एक बाटली माळ्यावर आडवी ठेवून दिली होती. उघडताना बूच हातातच चुरलं, शेवटी चहाच्या गाळणीतून ओतली. ग्लास नाकाशी धरला तर पूर्वीचा संत्र्याच्या सालीचा वास गायब, ओल्या पुठ्ठ्याचा तेवढा येत होता. बाटली उभीच ठेवा, म्हणजे दारू बुचाला लागून राहत नाही; आणि अंधारात, कूलरच्या खोलीत जमलं तर उत्तम.

‘रंग गडद तितकी जुनी’ हेही त्याच मेसेजात आहे. रंगावरूनही वय कळत नाही : स्कॉचमध्ये साध्या कॅरॅमलचा (जाळलेल्या साखरेचा) रंग घालायला कायद्यानंच मुभा आहे.