तयार ईएफआय फोल्डर, अर्धा तास आणि माझा 'बागुलबुवा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅड टी४३० या लॅपटॉपवर अॅपलची मॅकओएस प्रणाली बसवताना काय काय अडते आणि ते कसे शोधून काढायचे, या विषयावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. रागाच्या भरात काही लिहून जाऊ नये म्हणून उत्तराला मुद्दाम थोडा उशीर केला. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. आपले म्हणणे असे की, या लॅपटॉपसाठी तयार ईएफआय फोल्डर (मॅकओएस सुरू करून देणाऱ्या फाइलींचा संच) मिळतो, तो पेनड्राइव्हवर टाकला की अर्ध्या तासात काम होते, आणि "एवढ्या सोप्या कामाचा बागुलबुवा करून लोकांपुढे ज्ञान पाजळण्याची तुमच्यासारख्यांना खोडच असते." त्याखेरीज मी मॅकओएसच्या बिग सर या जुन्या आवृत्तीवर थांबायला सांगून वाचकांना मागे ठेवतो, एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांचा उल्लेखही करत नाही आणि मुळात हा सगळा उद्योगच बेकायदा आहे, असेही आपण जाता जाता सुनावले आहे.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण 'तुमच्यासारख्यांना' म्हणजे नेमके कोणाला, हे कळले असते तर बरे झाले असते. आपली माझी ओळख नाही, आपण नावही दिलेले नाही, आणि तरीही माझ्या स्वभावाविषयी आपल्याला एवढी खात्री आहे याचे आश्चर्य वाटते. लेखात मी कोणाला मूर्ख म्हटलेले नाही, तयार फोल्डर वापरणाऱ्यांची टिंगल केलेली नाही. 'वापरण्याआधी तो उघडून पाहा' एवढे एकच वाक्य त्याविषयी होते. तेवढ्या वाक्याने कोणाच्या नाकाला मिरच्या झोंबत असतील, तर त्याचे कारण माझ्या लेखात नसावे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. बायोसमधल्या, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ अंतर्गत प्रणालीतल्या, सेटिंगांचा भाग लेखात फार खाली गेला होता. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारे कुलूप) बंद करणे आणि साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, एएचसीआय पद्धतीवर ठेवणे ही कामे आधीच उरकली नाहीत, तर एक तर बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) सुरूच होत नाही, किंवा डिस्क युटिलिटीत डिस्कच दिसत नाही, आणि पुढचे सगळे वाचून उपयोग नसतो. तो परिच्छेद मी आता वर घेतला आहे. आपण नेमके हे म्हटले नव्हते, परंतु 'लेख विस्कळीत आहे' या आपल्या शेऱ्यात तेवढा अंश खरा होता.

आता त्या अर्ध्या तासाकडे येतो.

२०१२ साली बाजारात आलेला टी४३० हे एक यंत्र नव्हे. एकाच नावाखाली विकले गेलेले ते अनेक संच आहेत. त्याचा एक पडदा १३६६ बाय ७६८ चा असतो, दुसरा १६०० बाय ९०० चा. काहींत इंटेलच्या एचडी ४००० ग्राफिक्सच्या जोडीला एनव्हिडियाची चिप असते, जी मॅकओएसला या जोडणीत वापरताच येत नाही आणि बंद करून ठेवावी लागते. प्रोसेसर कोठे आय५, कोठे आय७. वायफाय कार्ड तर ज्याने यंत्र मागवले त्याच्या मर्जीप्रमाणे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कंपन्यांनी काढून टाकलेले हे लॅपटॉप जेव्हा विकायला येतात, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे भाग या दुकानातून त्या दुकानात अदलाबदल होऊन आलेले असतात. दुसऱ्याचा चष्मा घालूनही कधीकधी अक्षर दिसते, कारण नंबर योगायोगाने जुळलेला असतो. आपले काम अर्ध्या तासात झाले यात मला शंका नाही. शंका आहे ती आपण त्यावरून काढलेल्या निष्कर्षाविषयी.

हवेत बोलत नाही, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. एक्सकोड, म्हणजे अॅप बनवण्याचे अॅपलचे साधन, शिकण्यासाठी मॅकबुक परवडत नाही म्हणून टी४३० घेतलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. त्याने आपण म्हणता तसाच तयार फोल्डर घेतला होता. इन्स्टॉलर सुरू होई, अॅपलचे चिन्ह दिसे, खालची पट्टी अर्ध्यापर्यंत जाई आणि पडदा काळा पडे. आठवडाभर तो एका फोल्डरनंतर दुसरा फोल्डर लावून पाहत होता. मी फक्त बूटच्या आदेशांत '-व्ही' घातले, म्हणजे चिन्हाऐवजी अक्षरांच्या ओळी धावताना दिसतात. त्या ओळी 'आयओकन्सोलयूजर्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवर थांबल्या. ही ओळ म्हणजेच बिघाड, असे समजून लोक तिचाच शोध घेत बसतात. वास्तविक त्या ओळीत काहीही बिघडलेले नसते. त्यानंतर पडद्याचा ताबा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे जातो, म्हणून ती शेवटची दिसते, इतकेच.

अशा वेळी दोन शक्यता असतात. एक तर चित्र उमटले आहे पण पडद्यामागचा दिवा लागलेला नाही, किंवा चित्रच उमटलेले नाही. मोबाइलच्या टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका पाडला, की पहिल्या प्रकारात स्वागताची खिडकी अंधूक दिसते. तिथे दोष बॅकलाइटचा, म्हणजे त्या दिव्याची माहिती प्रणालीला देणाऱ्या पीएनएलएफ या एसएसडीटी फाइलचा. त्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर टॉर्चखाली काहीच दिसले नाही, मात्र कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर लागत आणि विझत होता, म्हणजे प्रणाली जिवंत होती. मग फोल्डरातली सेटिंगांची कॉन्फिग फाइल उघडली. तीत ग्राफिक्सचा प्लॅटफॉर्म क्रमांक ०३००६६०१ होता, जो १३६६ बाय ७६८ च्या पडद्यासाठी असतो. या मुलाचा पडदा १६०० बाय ९०० चा होता आणि त्याला ०४००६६०१ लागतो, कारण मोठ्या पडद्याला संकेत पोचवणारी जोडणी दुहेरी असते. एक अंक बदलला आणि पडदा उजळला. शेजारी व्हीजीएने मॉनिटर जोडून पाहण्याचा सल्लाही त्याला कोणीतरी दिला होता. या ग्राफिक्सवर मॅकओएसमध्ये व्हीजीए चालतच नाही, त्यामुळे त्या खटाटोपातून त्याला निराशेखेरीज काही मिळाले नाही.

ज्या फोल्डरने आपले काम अर्ध्या तासात केले, त्याच जातीच्या फोल्डरने त्याचा आठवडा खाल्ला. माझा लेख त्याच्यासाठी होता. आपल्यासाठी नव्हता, हे आता स्पष्ट झाले आहे.

पडदा उजळला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. या पिढीच्या, म्हणजे आयव्ही ब्रिज प्रोसेसरांचा वेग आणि वीज सांभाळण्यासाठी मॅकओएसला त्या विशिष्ट प्रोसेसरची तक्ता-फाइल द्यावी लागते, आणि ती इन्स्टॉलेशननंतर आपल्याच यंत्रावर तयार करायची असते. आय५-३३२०एम साठी बनवलेली फाइल आय७-३५२०एम वर ठेवली, तर लॅपटॉप सुरू होईल, वापरताही येईल, पण वेगाचे टप्पे दुसऱ्याच्या मापाचे राहतील; मग पंखा कायम का घोंघावतो आणि बॅटरी का टिकत नाही, याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. तयार फोल्डरात ही फाइल कोणाची असते, हे आपण कधी पाहिले आहे काय? वायफायचेही तसेच. फोल्डरात ज्या कार्डाचे केक्स्ट (ड्रायव्हरसारख्या फाइली) आहेत ते कार्ड आपल्याकडे नाही, म्हणून कोणी नवे विकत आणून बसवतो, आणि लॅपटॉप सुरू होताच '१८०२' हा क्रमांक दाखवून अडून बसतो, कारण या यंत्राच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच असते आणि तिच्याबाहेरचे कार्ड ते स्वीकारत नाही. कार्डाचे पैसे वाया जातात ते जातातच.

आणखी एक बाब. ओपनकोर या बूटलोडरच्या अनेक आवृत्त्यांत कॉन्फिग फाइलमधल्या नोंदी थोड्याफार बदलतात. तयार फोल्डरातला ओपनकोर जुना असेल आणि आपण त्यावर नवा टाकला पण कॉन्फिग तीच ठेवली, तर बूट होतानाच त्रुटींचा पाढा वाचला जातो. ओपनकोरसोबतच मिळणारे ओसीव्हॅलिडेट हे छोटे साधन नेमकी कोणती नोंद चुकली आहे ते सांगते. ते चालवायला अर्ध्या तासापेक्षा फारच कमी वेळ लागतो, हे आपल्या माहितीसाठी.

ज्ञान पाजळण्याविषयी. मॅकओएसची स्नो लेपर्ड ही आवृत्ती आली त्या २००९ सालापासून मी हे करत आलो आहे. तेव्हा कॅमेलिअन हा बूटलोडर असे, पुढे क्लोव्हर आला, आणि २०१९ नंतर ओपनकोर. त्या काळी बॅटरीचे टक्के दिसावेत एवढ्यासाठी आम्ही डीएसडीटी, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअरचा तक्ता, उघडून १६ बिटांचे प्रत्येक क्षेत्र हाताने आठ-आठ बिटांत तोडत असू, कारण मॅकओएसला बॅटरी सांभाळणाऱ्या नियंत्रकाकडून एका वेळी आठ बिटांपेक्षा जास्त वाचता येत नसे. आज ईसीएनेबलर हे एक केक्स्ट ठेवले की तेच काम आपोआप होते, आणि लेखात मी तेच ठेवायला सांगितले आहे, जुने हातकाम शिकवलेले नाही. जे सोपे झाले ते सोपे म्हणून सांगितले. जे अजून यंत्रागणिक वेगळे आहे ते वेगळे म्हणून सांगितले. दुरुस्तीच्या टेबलाशी इतकी वर्षे बसल्यावर 'सोपे' आणि 'माझ्या बाबतीत सोपे' यांतला फरक माणसाला कळू लागतो. आपल्यालाही कळेल, दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप हाताळायची वेळ आली की.

आपले बाकीचे मुद्दे थोडक्यात. एचडी ४००० चे ड्रायव्हर अॅपलने बिग सरनंतरच्या, २०२१ च्या माँटेरे आवृत्तीत काढून टाकले. ते पॅच करून परत आणता येतात, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यासाठी प्रणालीच्या सीलबंद खंडाला हात घालावा लागतो, सुरक्षेची काही बंधने ढिली करावी लागतात आणि दर अपडेटनंतर तोच पॅच पुन्हा लावावा लागतो. शिकणाऱ्या मुलाला मी हे सुचवणार नाही. बिग सरवर एक्सकोड १३.२.१ च्या पुढे जाता येत नाही, हेही लेखात स्पष्ट लिहिले होते. आपण तिथपर्यंत पोचला नसाल. एएमडीविषयी एवढेच म्हणतो की टी४३० एएमडीचा निघालेलाच नाही. आणि कायद्याविषयी : परवाना अॅपलच्याच यंत्रापुरता आहे, तयार मॅक-सदृश संगणक विकणाऱ्या फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीला न्यायालयाने २००९ साली त्यासाठीच मनाई केली, हे मी पहिल्याच परिच्छेदात नमूद केले आहे. परंतु एकाच प्रतिक्रियेत 'अर्ध्या तासात करून टाका' आणि 'हे बेकायदा आहे' असे दोन्ही सांगणाऱ्याने मला परवान्याचे धडे द्यावेत, याची गंमत वाटली.

एक विनंती मात्र खरोखर मनापासून आहे, टोमणा समजू नये. आपल्या त्या फोल्डरातली कॉन्फिग फाइल उघडा आणि प्लॅटफॉर्मइन्फो या विभागात सिस्टिम सीरियल क्रमांक पाहा. तिथे डब्ल्यू, त्यापुढे शून्यांची रांग आणि शेवटी एक असेल, तर ती ओपनकोरच्या नमुना फाइलमधली भरताड नोंद आहे. ती बदलून स्वतःचा क्रमांक तयार करायचा राहिला आहे. पण तिथे खऱ्यासारखा दिसणारा क्रमांक असेल आणि तो आपण स्वतः जेनएसएमबायओएस या साधनाने तयार केलेला नसेल, तर तो फोल्डर ज्या ज्या माणसाने उतरवून घेतला त्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आज तोच क्रमांक आहे आणि अॅपलच्या लेखी ते सगळे एकच यंत्र आहे. अशा यंत्रावरून आयमेसेजमध्ये किंवा आयक्लाउडमध्ये शिरू नका. आधीच शिरला असाल तर बाहेर पडा, नवा क्रमांक तयार करा, अॅपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर तो खऱ्या कोणाच्या मॅकचा निघत नाही याची खात्री करून घ्या, आणि मगच पुन्हा खाते जोडा.

आपला,
लेखक