काळा खडक आणि चुन्याची पोती

चंद्रपूरच्या माणसाला काळी धूळ नवीन नाही. सकाळी खिडकीचा कठडा पुसायचा आणि संध्याकाळी त्यावर बोट फिरवलं की बोट पुन्हा काळं. माझ्या सासूबाई गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया जुन्या धोतराने झाकायच्या. ते पाखरांसाठी कमी आणि या धुळीसाठी जास्त. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच पाहत आलेय, आणि शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवूनही मनात एक गोष्ट पक्की बसली होती: खाणीच्या गावाचं असंच असतं, एकदा गेलेली जमीन परत येत नाही.

2023 च्या जुलैत लेकीकडे गेले आणि ती पक्की बसलेली गोष्ट हलली. म्हणून हे लांबलचक लिहितेय. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणीकडच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा.

लेक-जावई कॅनडात सडबरीला राहतात. आपल्याकडची माणसं कॅनडाला गेली की टोरांटो आणि नायगारा पाहून परततात. सडबरी टोरांटोच्या उत्तरेला चारशे किलोमीटर, गाडीने चार तास. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 1 लाख 66 हजार, म्हणजे आपल्या चंद्रपूर शहराच्या निम्मी. निकेल आणि तांब्याच्या खाणींवर उभं राहिलेलं शहर. निम्म्या गावाचा कोणी ना कोणी खाणीत नाहीतर भट्टीवर काम केलेला. बोली इंग्रजी तशी फ्रेंचही, आणि बसमध्ये मला पंजाबी आणि गुजरातीही ऐकू आली.

गावात तीनशेहून अधिक तळी आहेत. लेकीच्या घरामागे टेकडी, टेकडीवर पाईन आणि बर्च. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "छान हिरवं आहे गं तुमचं गाव." ती म्हणाली, "आई, हे सगळं लावलेलं आहे. इथे गवताची काडी नव्हती."

मला पटेना. मग तिने मला टेकडीवर नेलं.

पायवाट जरा चढली की झाडांच्या मधून खडक दिसायला लागतो, आणि तो खडक काळा आहे. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टसारखा मुळातून काळा नव्हे. वरून लेप दिल्यासारखा, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा काळा. एका जागी कपचा उडाला होता, तिथे आतला दगड फिकट गुलाबी दिसत होता. मी खाली बसून नखाने खरवडून पाहिलं. हाताला काजळी लागेल असं वाटलं होतं, काही लागलं नाही. आम्ल आणि धातूंची वाफ इतकी वर्षं त्या दगडावर बसली की ती त्याची कातडीच झाली.

हे कसं झालं ते समजून घ्या, कारण यात निसर्गाचा काही दोष नाही. 1883 मध्ये कॅनडाचा पॅसिफिक रेल्वेमार्ग टाकताना इथे खनिज सापडलं. त्या खनिजात गंधक भरपूर. ते काढायला सुरुवातीला उघड्यावरच भट्ट्या लावायच्या: जंगल तोडून लाकडाची रास रचायची, त्यावर खनिजाचे ढीग घालायचे आणि पेटवून द्यायचं. एकेक ढीग महिनोन् महिने धुमसत राहायचा. धूर जमिनीलगत पसरायचा. 1929 पर्यंत हे चाललं. आधी झाडं लाकडासाठी गेली, उरलेली धुराने गेली, आणि मुळं मेल्यावर पावसाने माती वाहून नेली. मागे उरला उघडा खडक. साधारण 20 हजार हेक्टर पूर्ण ओसाड आणि त्याच्या भोवती 80 हजार हेक्टर अर्धवट मेलेलं रान. मोठ्या भट्ट्या आल्या, धुरांडी आली, तरी गंधकाचा धूर वाढतच गेला. 1960 च्या सुमारास तो वर्षाला 20 लाख टनांच्या वर होता.

अपोलो चांद्रमोहिमेचे अंतराळवीर 1971 आणि 1972 मध्ये इथे सरावाला आले. लोकांनी समज करून घेतला की जागा चंद्रासारखी ओसाड आहे म्हणून आले. खरं कारण वेगळंच. 185 कोटी वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड अशनी आदळला. त्या विवराचा उरलेला खोलगट भाग आजही साधारण साठ किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद आहे, आणि त्या आघाताने दगडात शंकूच्या आकाराच्या तडा गेल्या. त्या ओळखायला शिकवण्यासाठी त्यांना आणलं होतं. मी दरवर्षी पोरांना लोणारला न्यायची. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरचं, तेच पाहून पोरं थक्क व्हायची. सडबरीत तसला दगड हातात घेतल्यावर माझे डोळे भरून आले, लेक घाबरली. निकेल इथे आहे तेही त्या आघातामुळेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातलं बहुतेक निकेल या एका गावातून जायचं. तोफांसाठी गेलं, रणगाड्यांसाठी गेलं, आणि चांगल्या स्टीलमध्ये आजही निकेलच लागतं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

मी गेले तेव्हा गावाच्या पश्चिमेला 381 मीटर उंच धुरांडं उभं होतं. 1972 मध्ये बांधलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता म्हणे. धूर उंच गेला, गावाचा श्वास मोकळा झाला, हे खरं. पण धूर कमी झाला नव्हता, तो फक्त दूर जाऊन पडत होता. गावाबाहेरची हजारो तळी आम्ल झाली, कित्येकांतले मासे गेले. धूर खरा घटला तो कायद्याने. 1985 मध्ये ओंटारियो सरकारने मोठ्या भट्ट्यांना मुदत आणि आकडा घालून दिला: 1994 पर्यंत एवढ्यावर यायचं. कंपन्यांनी प्रक्रिया बदलली, गंधक पकडून त्याचं आम्ल करून विकायला लागल्या. आज जुन्या काळाच्या तुलनेत धूर नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झालाय. 2020 मध्ये ते धुरांडं वापरातूनच काढलं, कारण त्याची गरज उरली नाही. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचायला सांगते. आपल्याकडे कुठे तक्रार झाली की पहिलं उत्तर मिळतं, चिमणी उंच करू.

आणि जमीन? ती सावरायला 1978 मध्ये हात लागले. त्या वर्षी निकेलचा बाजार पडला होता, शेकडो लोकांचं काम गेलं, मग संप झाला तो साडेआठ महिने चालला. घरात चूल पेटायची पंचाईत. नेमक्या त्या काळात तिथल्या नगरपालिकेने सरकारच्या रोजगाराच्या पैशातून ओसाड टेकड्या सावरायचं काम काढलं आणि कॉलेजची पोरं, बेकार झालेले कामगार त्यावर घेतले. विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहाल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच प्रयोग करून ठेवले होते. माती आम्ल झाली की तिच्यातलं तांबं आणि निकेल मुळांना मारतं. चुनखडीची भुकटी टाकली की आम्ल उतरतं, धातू बांधले जातात आणि मूळ तग धरतं. हेक्टरी दहा टन भुकटी.

दहा टन म्हणजे किती ते त्या टेकडीवर भेटलेल्या एका आजोबांनी सांगितलं. ते कुत्र्याला फिरवायला आले होते. माझी साडी पाहून थांबले, विचारपूस केली. म्हणाले, मी त्या पहिल्या उन्हाळ्यातल्या पोरांपैकी एक. चढावर ट्रक जायचा नाही, म्हणून खालपासून वरपर्यंत माणसांची रांग आणि पोतं हातोहात वर. वर पोतं फाडायचं आणि भुकटी पसरायची. संध्याकाळी पापण्या पांढऱ्या. "आम्हाला वाटायचं, खडकावर पीठ टाकतोय, याने काय होणार?" पुढच्या वर्षी तिथे गवत आलं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं पसरून गवताची उंची दाखवली, वीतभरसुद्धा नव्हती. आणि तेवढं दाखवताना त्यांचा चेहरा असा होता जसा कोणी पहिल्या नातवाची उंची दाखवतो.

चुन्यानंतर खत, मग गवताचं आणि शेंगवर्गीय झाडोऱ्याचं बी, म्हणजे हवेतला नायट्रोजन मातीत यावा. मग पाईनची रोपं. पण मला सगळ्यात आवडलं ते हे की बर्च, पॉप्लर, विलो यांचं बी वाऱ्यावर आपोआप आलं. जमीन तेवढी तयार केली, येणारे आले. हल्ली तर महामार्ग रुंद करताना जे रान तुटणार असतं तिथली वरची माती, बुरशी, बियाणं, मुळांसकट चटईसारखी कापून आणतात आणि इथल्या झाडांखाली अंथरतात. आपण दह्याला विरजण लावतो ना, तसं.

आजवर एक कोटी झाडं लागली आहेत. पण आकड्याने मी भारावले नाही, आकडे आपणही लावतो. नगरपालिकेचा दरवर्षी या कामाचा अहवाल निघतो. कुठल्या तुकड्यावर किती चुना, कुठली रोपं, किती जगली, आणि पुढच्या पाच वर्षांचा बेत काय. सरकारं बदलली, कंपन्यांचे मालक बदलले, काम चालू राहिलं. पंचेचाळीस वर्षं.

सगळं गोड गोड आहे असं मी म्हणणार नाही. ओसाड जमिनीचा मोठा भाग अजून बाकी आहे. मातीतले धातू मातीतच आहेत. पाईनचे कित्येक पट्टे एकाच वयाचे, त्याला जंगल म्हणायला अजून वेळ लागेल. आणि ही भूमी मुळात अनिशिनाबे लोकांची. 1850 च्या तहाने त्यांच्याकडून घेतली, आणि मोबदला म्हणून माणशी मिळणारी वर्षाची रक्कम 1875 मध्ये चार डॉलर झाली ती पुढे चारच राहिली. मी जाण्याच्या एक महिना आधी दहा अब्ज डॉलरच्या तडजोडीची घोषणा झाली होती. ज्यांच्या जमिनीतून जगभराचं निकेल गेलं त्यांना दीडशे वर्षं चार डॉलर! हे वाचून मला आपल्याकडचे प्रकल्पग्रस्त आठवले नाहीत असं कसं म्हणू.

ऑगस्टच्या सुरुवातीला लेकीने मला ब्लूबेरी वेचायला नेलं. आम्लयुक्त माती त्या झुडपांना मानवते, काळ्या खडकाच्या फटींतून ती गुडघ्याखालीच वाढतात. आपण चारं-टेंभरं वेचायला रानात जातो तशीच सगळी गावकरी माणसं डबे घेऊन आलेली. माझी बोटं निळी-काळी झाली. घरी येऊन धुतली तर रंग गेला.

परत आल्यावर मी पहिल्यांदा आपल्या ओबीच्या, म्हणजे कोळशावरची माती-दगड उपसून टाकलेल्या ढिगाऱ्यांकडे नीट पाहिलं. दुर्गापूरचे, पद्मापूरचे, इरई नदीच्या काठचे. आपली माती वेगळी, ऊन वेगळं, चुना हा आपला उपाय नसेलही. ते जाणकारांनी सांगावं. पण आपण दर जुलैत खड्डे मोजतो आणि पुढच्या मे महिन्यात जगलेली रोपं कोणी मोजत नाही, हे सांगायला जाणकार लागत नाही. आणि काम गेलेल्या हातांना या ढिगाऱ्यांवर काम देता येणार नाही, हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

सडबरीत एकाच जागी उभं राहून काढलेले जुने-नवे फोटो जोडीने लावलेले असतात. 1980 चा काळा डोंगर आणि शेजारी आजचा. चंद्रपूरचे तसे जुने फोटो कोणाकडे आहेत का? लग्नातले, सहलीतले, मागे इरई किंवा झरपट नदी दिसतेय, ढिगारा अजून नाही किंवा छोटा आहे, कसेही चालतील. लालपेठ, भटाळी, घुग्घुस, कुठलेही. जागा आणि साल लिहून कमेंटमध्ये टाका. दर रविवारी सकाळी मी तिथे जाऊन त्याच जागेवरून फोटो काढणार आहे. दोन विद्यार्थिनी सोबत यायला तयार आहेत, आणखी कोणी येणार असेल तर सांगा. पहिल्या रविवारी इरईच्या काठी, सकाळी सहाला.